पांचव्या चाकाचें घर

बिऱ्हाड बरोबर घेऊन हिंडणें ही गोष्ट आपल्याकडे मेंढपाळांची किंवा फिरत्या कारागिरांची समजली जाते. परंतु उत्तर अमेरिकेंत, म्हणजे संयुक्त संस्थानांत व कॅनडांत, सुखवस्तु गृहस्थहि सुटी लागली कीं आपलें घरच चाकांवर घालून अरण्यें, पर्वत व सरोवरें पाहावयास निघतात. आपलीं मुलेंबाळें आतां मोठ्या संख्येनें तिकडे राहूं लागलीं आहेत. उन्हाळ्यांत आईवडील त्यांच्याकडे जातात, आणि एके दिवशीं मुलगा किंवा जांवई म्हणतो, "बाबा, या वेळीं हॉटेल नको, आपण आपलें घरच ओढून नेऊं." अशा प्रवासांत तरुणांनीं काय करावें, काय टाळावें, आणि वडीलमाणसांनीं कोणता भार उचलावा, ह्याविषयीं चार व्यवहाराच्या गोष्टी सांगण्याचा आज माझा विचार आहे.

मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि पुढें सारा जन्म मुलांना अंकगणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेला मी एक शिक्षक आहें. माझा मुलगा कोलोराडो संस्थानांत राहतो. त्याच्या फिरत्या घरांतून कांहीं उन्हाळे प्रवास घडला. त्यांत जें पाहिलें, विचारलें व पारखून घेतलें, तेवढेंच आपणांपुढें ठेवितों.

प्रथम नांवाविषयीं. ह्या घरास तिकडे 'फिफ्थ-व्हील', म्हणजे पांचवें चाक, असें म्हणतात. घोड्यांच्या चारचाकी गाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवें लोखंडी कडें बसवीत असत. तें आडव्या ठेविलेल्या चाकासारखें दिसे, म्हणून त्यास पांचवें चाक हें नांव पडलें. घोडे गेले, मोटारी आल्या, तरी नांव राहिलें. आज पिकअप ट्रकच्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या बरोबर वर किंवा किंचित् पुढें, एक जाड तबकडी बसविलेली असते. ट्रेलरचा पुढचा भाग उंचावलेला असून त्याच्या खालीं दोन इंच व्यासाचा एक पोलादी खुंटा असतो. त्यास किंगपिन म्हणतात. ट्रक मागें नेला कीं हा खुंटा तबकडीच्या खांचेंत शिरतो, आणि आंतले जबडे त्याच्याभोंवतीं मिटतात. झाली जोडणी. मालवाहू मोठ्या ट्रकांची हीच युक्ति फिरत्या घरांना लावणाऱ्या आरंभींच्या लोकांत ग्लेन कर्टिस ह्या प्रसिद्ध वैमानिकाचें नांव घेतलें जातें. १९२० ते १९३० ह्या दशकाच्या अखेरीस फ्लॉरिडांत त्याचीं 'एरोकार' नांवाचीं ट्रेलर-घरें तयार होऊं लागलीं.

हा सगळा खटाटोप कशासाठीं? ह्याचें उत्तर आपल्या गाडीवानास पुस्तक न वाचतां ठाऊक असतें. बैलगाडींत ओझें मागें फार भरलें तर गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें; पुढें फार भरलें तर सारा भार बैलांच्या मानेवर बसतो. शहाणा गाडीवान थोडेंसें ओझें जुंवाकडे राहील अशा बेतानें गाडी भरतो. ट्रेलरचें तसेंच आहे. साधा ट्रेलर मोटारीच्या शेंपटीस, मागच्या आंसाच्याहि मागें, जोडलेला असतो; त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग त्या जोडावर यावा लागतो. वाऱ्यानें ट्रेलर डोलूं लागला तर लांब दांड्यानें ढकलावें तसा तो पुढच्या वाहनाची शेंपटी हलवितो. फिफ्थ-व्हीलचा जोड आंसावरच असल्यामुळें तो दांडा उरत नाहीं, आणि वजनाचा पंधरा ते पंचवीस टक्के भाग ट्रकवर नीट बसतो. म्हणून चाळीस फुटांचें घरहि रस्त्यावर स्थिर चालतें.

परंतु ह्याच गुणाच्या पोटीं एक दोष दडलेला आहे, आणि पुष्कळ कुटुंबें तेथेंच फसतात. विक्रेता सांगतो, "तुमचा ट्रक इतके हजार पौंड ओढूं शकतो." तें खरें असेल, पण ओढणें निराळें आणि पाठीवर घेणें निराळें. ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून किती वजन ह्या ट्रकवर ठेवावें, तो आंकडा तीवर छापलेला असतो. त्या चिठ्ठीकडे पाहिल्यावांचून ट्रेलर विकत घेऊं नये.

एक उदाहरण करूं. समजा, भरलेल्या ट्रेलरचें वजन १२,००० पौंड, म्हणजे सुमारें ५,४४० किलो, आहे. त्याचा पंचमांश ट्रकवर येतो असें धरलें तर झाले २,४०० पौंड. हौद्यांतील जोडाचें लोखंड २०० पौंड. मुलगा, सून, आजोबा व आजी मिळून ६४० पौंड. हौद्यांतील हत्यारें, खुर्च्या व इतर सामान १०० पौंड. बेरीज ३,३४० पौंड. चिठ्ठीवरचा आंकडा ३,००० असेल तर हा ट्रक तो ट्रेलर कदाचित् मजेंत ओढील, परंतु त्याचा मागचा आंस, कमानी व टायर प्रत्येक खड्ड्यांत मर्यादेबाहेर ताणले जातील. अशा वेळीं आजी-आजोबांना घरीं ठेवणें हा उपाय नव्हे. ट्रेलर लहान घेणें किंवा ट्रक मोठा घेणें हा उपाय होय.

त्यांत आणखी एक मेख आहे. जाहिरातींत ट्रेलरचें वजन रिकाम्या स्थितींतलें दिलेलें असतें. आपण त्यांत भांडीं, अंथरुणें, तांदूळ, डाळी, गॅसच्या टाक्या व पाणी भरतों. अमेरिकन गॅलनभर पाण्याचें वजन सुमारें ८.३४ पौंड, साठ गॅलनांची टांकी भरली कीं पांचशें पौंड वाढले. म्हणून गणित नेहमी भरल्या घराचें करावें, आणि मोठ्या ट्रकांच्या थांब्यांवर जे वजनकांटे असतात, त्यांवर एकदां सर्व बिऱ्हाडासह गाडी उभी करून खरें वजन लिहून घ्यावें. खर्च किरकोळ असतो, आणि त्यानंतर अंदाजावर विसंबून राहावें लागत नाहीं.

आतां जोडणीचा विधि. विधि हा शब्द मी बुद्ध्याच वापरतों. कारण ह्यांत क्रम चुकला कीं सारें बिघडतें. पहिल्यानें ट्रेलरच्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. ट्रकचा मागचा फाळका पाडावा. ट्रेलरचे पुढचे पाय खालींवर करून त्याची उंची अशी ठेवावी कीं ट्रकची तबकडी खालीं येतांच तिनें त्याला किंचित् वर उचलावें. ट्रेलर उंच राहिला तर खुंटा जबड्यांच्या वरच्या कडेवर अडकतो, बाहेरून जोडणी झाल्यासारखी दिसते, आणि पहिल्याच उंचवट्यावर ती सुटते. मग ट्रक हळूहळू मागें न्यावा. जबडे मिटल्याचा आवाज येतो. आवाजावर विश्वास ठेवूं नये. खालीं उतरून, विजेरीच्या उजेडांत, जबडे खुंट्याभोंवतीं पुरे मिटले आहेत कीं नाहीं, आणि दोन्ही तबकड्यांत फट नाहीं ना, हें डोळ्यांनीं पाहावें. दांड्याची सुरक्षेची खीळ घालावी. सात कांट्यांची विजेची जोडणी लावावी. त्यानंतर एक बारीक पोलादी दोर असतो, तो ट्रकला अडकवावा. दुर्दैवानें ट्रेलर सुटलाच तर हा दोर ओढला जाऊन त्याचे ब्रेक आपोआप लागतात.

शेवटची परीक्षा ओढून पाहण्याची. पाय जमिनीपासून जेमतेम सुटलेले आणि ठोकळे जागेवरच असतांना, चालकाजवळच्या लहान दांड्यानें फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत आणि ट्रक हलकेच पुढें ओढावा. जोड पक्का असेल तर ट्रक जागींच थरारतो. कच्चा असेल तर ट्रेलर इंचभर खालीं पायांवर बसतो. नुकसान कांहींच होत नाहीं. ही परीक्षा झाल्यावरच पाय पुरते उचलावेत, ठोकळे काढावेत, फाळका लावावा, आणि तळाच्या आवारांतच मंद गतीनें ब्रेक लागतात कीं नाहीं हें पाहावें.

ह्या परीक्षेचें महत्त्व मी एका सकाळीं प्रत्यक्ष पाहिलें. आमच्या शेजारच्या जागेवरील एक कुटुंब निघण्याच्या तयारींत होतें. गृहस्थ अनुभवी होते, दहा वर्षें ट्रेलर ओढीत असल्याचें त्यांनींच आदल्या दिवशीं सांगितलें होतें. जोडणी अर्धी झाली असतां त्यांना दूरध्वनि आला. बोलणें संपवून ते परत आले, पाय उचलले आणि निघाले. दहा हातहि गेले नसतील, तोंच ट्रेलरचें नाक मोठा आवाज करून ट्रकच्या हौद्यावर आदळलें. दोन्ही बाजूंचा पत्रा चिंबला. त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी आपली बाहुली घेण्यासाठीं क्षणभरापूर्वींच त्या दोन वाहनांच्या मधून गेली होती. तिला खरचटलेंहि नाहीं. परंतु तिच्या आईचा चेहरा मी विसरलों नाहीं, आणि तेव्हांपासून दोन नियम आमच्या घरांत अढळ झाले. जोडणी चालू असतां कोणीं कोणाशीं बोलावयाचें नाहीं, मध्यें खंड पडला तर पहिल्या पायरीपासून पुन्हां सुरुवात करावयाची. आणि तेवढा वेळ मुलें एका ठराविक माणसाच्या हाताला धरून दूर उभीं राहावयाचीं.

सोडतांनाहि असाच क्रम आहे, आणि त्यांतलें पहिलें अक्षर 'ठोकळे' हें आहे. ठोकळे लावण्यापूर्वीं खुंटा मोकळा केला तर उतारावर घर आपल्या वाटेनें जाऊं लागतें, आणि त्याला अडविणें माणसाच्या शक्तीबाहेरचें असतें.

आतां रस्त्यावर येऊं. ट्रेलरचीं चाकें ट्रकच्या मागोमाग जात नाहींत. वळणांत तीं आंतल्या बाजूस कापून जातात. म्हणून चौकांत थोडें पुढें जाऊन मोठें वळण घ्यावें, आणि आंतल्या बाजूच्या आरशांत ट्रेलरच्या चाकांकडे पाहत राहावें. दुसरी गोष्ट उंचीची. ह्या घराची उंची सामान्यतः १२ ते १३॥ फूट असते. छपरावरचें वायुशीतक यंत्र धरून आपल्या घराची खरी उंची फुटपट्टीनें मोजावी, आणि तो आंकडा कागदावर लिहून चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. उत्तर कॅरोलायनांतील डरॅम शहरीं एक रेल्वेचा पूल आहे. त्याची उंची ११ फूट ८ इंच होती. सूचना, दिवे, सर्व कांहीं असतांहि त्यावर आपटून असंख्य वाहनांचीं छपरें सोललीं गेलीं. अखेर २०१९ सालीं पूल आठ इंचांनीं उचलून १२ फूट ४ इंच करण्यांत आला. तरीहि वाहनें आपटण्याचें थांबलें नाहीं. न्यूयॉर्कच्या बाजूला 'पार्कवे' म्हणविणारे कित्येक रस्ते आहेत. त्यांवरचे पूल ठेंगणे आहेत आणि ट्रेलरांना तेथें मज्जाव आहे. आपल्या खिशांतल्या दूरध्वनीवरील साधा नकाशा मोटारीसाठीं केलेला असतो. त्याला आपल्या घराची उंची ठाऊक नसते. मोठ्या वाहनांची उंची, लांबी व वजन विचारून मग मार्ग दाखविणारे निराळे मार्गदर्शक मिळतात, तेच वापरावेत.

बोगद्यांचे नियमहि पाहून ठेवावेत. बाल्टिमोर येथील बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांतून दहा पौंडांहून मोठ्या गॅसच्या टाक्या नेण्यास बंदी आहे. आणि फिफ्थ-व्हीलवर बहुधा तीस-तीस पौंडांच्या दोन टाक्या असतात. अशीं वाहनें पूर्वीं फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजीं जहाजाच्या धडकेनें कोसळला, तेव्हांपासून शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्यावा लागतो. कांहीं ठिकाणीं रस्ता इतका अरुंद कीं घर नेतांच येत नाहीं. माँटॅना संस्थानांतील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाचा 'गोइंग-टु-द-सन' हा डोंगरी रस्ता जगप्रसिद्ध आहे. पण त्याच्या वरच्या भागांत २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनास जाऊं देत नाहींत. तेथें घर खालच्या तळावर ठेवून लहान मोटारीनें किंवा उद्यानाच्या बसनें वर जावें. पांचवें चाक सोडून ठेवतां येतें, हाच तर त्याचा मोठा फायदा आहे.

टायर हा ह्या प्रवासांतील सर्वांत दुर्लक्षित घटक होय. ट्रेलरच्या टायरांपैकीं पुष्कळ ताशीं ६५ मैलांच्या, म्हणजे सुमारें १०५ किलोमीटरांच्या, गतीपुरतेच केलेले असतात. महामार्गावर मोटारी ताशीं ७५-८० मैलांनीं जातात म्हणून आपणहि जावें, असें नाहीं. हवेचा दाब सकाळीं, टायर थंड असतांना, दररोज पाहावा. बाहेरून नवे दिसणारे टायर उन्हांत उभे राहून आंतून म्हातारे होतात. म्हणून नक्षी शिल्लक असली तरी पांच ते सात वर्षांत ते बदलावेत. चाक बदलल्यावर पन्नास ते शंभर मैलांनीं त्याचे नट पुन्हां आंवळावेत.

डोंगर उतरण्याची कला आपल्या घाटांतल्या चालकांना अवगत आहे: चढतांना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्यें उतरावें. डेन्व्हरच्या पश्चिमेस आयसेनहॉवर बोगदा आहे. तो १९७३ सालीं खुला झाला असून सुमारें ११,००० फूट उंचीवर आहे. तेथून खालीं मैलोगणती सहा-सात टक्क्यांचा उतार लागतो. म्हणजे शंभर फूट पुढें गेलें कीं सहा-सात फूट खालीं. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक धरीत नाहींत. उतार लागण्यापूर्वींच गति कमी करावी, खालचा गिअर घालावा, इंजिनालाच गाडी आवरूं द्यावी, आणि ब्रेक मधून मधून ठामपणें दाबून पुन्हां सोडावा. मागें मोटारींची रांग लागली तर लाजूं नये. संधि मिळतांच बाजूला थांबून वाट द्यावी. तसेंच वायोमिंग संस्थानांत लॅरमी ते रॉलिन्स हा टापू वाऱ्यासाठीं कुप्रसिद्ध आहे. वारा सुटला असेल तर पुढें जाण्यापेक्षां एक दिवस मुक्काम वाढविणें शहाणपणाचें. उंच व हलक्या वाहनांना रस्ता बंद केल्याची सूचना लागली, म्हणजे ती आपल्यासाठींच लागली असें समजावें.

दिवसाचा पल्ला किती ठेवावा? तिकडच्या अनुभवी लोकांत तीन तिनांचा एक नियम आहे: दिवसांत तीनशें मैलांहून अधिक जाऊं नये, दुपारीं तीनच्या आंत मुक्कामीं पोंचावें, आणि शक्यतों तीन रात्री राहावें. वृद्ध माणसें बरोबर असतील तर मी पल्ला दोनशें मैलांवर आणीन. कारण अंधारांत, थकलेल्या डोळ्यांनीं, अनोळखी झाडांमधून चाळीस फुटांचें घर मागें नेणें ह्यासारखा घरांत भांडण लावणारा दुसरा प्रसंग नाहीं. चालत्या ट्रेलरमध्यें मात्र कोणींहि बसूं नये. कांहीं संस्थानांत कायदा त्यास आडकाठी करीत नाहीं. पण तेथें पट्टे नसतात, कपाटें उघडतात, आणि आंतल्या माणसाची हांक चालकास ऐकूं येत नाहीं. आजीला आडवें व्हावेंसें वाटलें, तर गाडी थांबवावी.

मागें नेतांना चालकानें सुकाणूच्या चाकाचा तळ धरावा; ट्रेलरचें मागचें टोंक ज्या बाजूस न्यावयाचें त्याच बाजूस हात हलवावा. एका माणसानें खालीं उभें राहून खूण करावी, आणि खुणा आधींच ठरवून घ्याव्यात. खुणा करणारा आरशांत दिसेनासा झाला कीं चालकानें तत्काळ थांबावें. शंका आली तर उतरून स्वतः पाहून यावें. खालीं पाहतांना वरहि पाहावें. झाडाची फांदी छपराशीं बोलणी करीत नाहीं.

जागेवर आल्यावर प्रथम डावी-उजवी समपातळी करावी. हें काम ट्रक जोडलेला असतांनाच, सखल बाजूच्या चाकांखालीं फळ्या घालून, करावें. मग ठोकळे, मग ट्रक सोडणें, आणि पुढच्या पायांनीं पुढची-मागची पातळी. ही केवळ झोंपेच्या सोयीची गोष्ट नव्हे. गॅसवर चालणारें शीतकपाट वांकडें उभें राहिलें तर बिघडतें. भिंतींतून बाहेर सरकणाऱ्या खोल्या पातळी झाल्यावरच, आणि बाहेर झाड, खांब किंवा मूल नाहीं हें पाहून, उघडाव्यात.

विजेचे खांब दोन तऱ्हेचे असतात. तीस अँपिअरच्या खांबावर १२० व्होल्टप्रमाणें ३,६०० वॅट मिळतात. पन्नास अँपिअरच्या खांबावर दोन तारांनीं मिळून १२,००० वॅट. तीस अँपिअरवर वायुशीतक, मायक्रोवेव्ह व चहाची विजेची किटली एकदम लावली कीं अंधार झालाच म्हणून समजा. खांब आणि घर ह्यांच्या मध्यें दाब-रक्षक लावावा. खांबाची जोडणी चुकलेली असली तर तो सांगतो. पाण्याच्या नळासहि दाब कमी करणारी तोटी लावावी; दाब चाळीस-पन्नास पौंडांच्या पुढें जाऊं देऊं नये, नाहीं तर भिंतीआंतली नळी फुटते. पिण्याच्या पाण्याची रबरी नळी निराळी, आणि घाण धुण्याची निराळी. त्या दोन्ही एका पेटींत कधींहि ठेवूं नयेत.

सांडपाण्याचा विषय नाजूक आहे, पण टाळून चालत नाहीं. घरांत बहुधा तीन प्रकारच्या टांक्या असतात: स्वच्छ पाण्याची, मोरीच्या पाण्याची व शौचाची. शौचाच्या टांकीची झडप जागेवर कायम उघडी ठेवूं नये. पातळ वाहून जातें, जड भाग तळाशीं सुकून बसतो, आणि मग दुरुस्तीस बोलावलेला माणूस मागेल ती मजुरी द्यावी लागते. झडप बंद ठेवावी, पाणी भरपूर वापरावें, टांकी दोनतृतीयांश भरली कीं रिकामी करावी. आधीं शौचाची टांकी, मग मोरीची; म्हणजे दुसऱ्या पाण्यानें नळी धुवून निघते. हातमोजे घालावेत. आणि फोडणीचें उरलेलें तेल व भाताची शितें मोरींत सोडूं नयेत.

विस्तवाविषयीं. गॅसचा, धुराचा व कार्बन मोनॉक्साइडचा असे इशारा देणारे यंत्र-पहारेकरी घरांत असतात. प्रत्येक प्रवासापूर्वीं त्यांची कळ दाबून ते जागे आहेत कीं नाहींत हें पाहावें. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आंत आणणें म्हणजे मृत्यूला अंथरूण घालणें होय. गाडी चालू असतां टाक्यांच्या तोट्या बंद ठेवाव्यात.

अरण्यांतील यजमान आपण नव्हे, तेथील जनावरें. यलोस्टोन उद्यानांत 'फिशिंग ब्रिज' येथें ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळें कापडी तंबूस परवानगीच नाहीं. टणक भिंतींचीं घरेंच तेथें राहूं शकतात. अन्न, भांडीं, खरकटें, साबणसुद्धां बाहेर ठेवूं नये. त्या उद्यानांत अस्वल व लांडगा ह्यांच्यापासून शंभर यार्ड, आणि गवा-सांबरांसारख्या इतर मोठ्या प्राण्यांपासून पंचवीस यार्ड अंतर ठेवण्याचा नियम आहे. छायाचित्राच्या मोहानें तो मोडणारे दर वर्षीं जखमी होतात. राष्ट्रीय उद्यानांतील पुष्कळ तळांच्या जागा सहा महिने आधीं राखून ठेवाव्या लागतात, आणि जागेची लांबी आपल्या घरास पुरेल कीं नाहीं हें त्याच वेळीं पाहावें लागतें. सरकारी मोकळ्या जमिनींवर, विशेषतः पश्चिमेकडील संस्थानांत, फुकट राहतां येतें. पण साधारणतः चौदा दिवसांनीं तेथून हलावें लागतें, आणि तेथें नळ, वीज, कांहींहि नसतें.

श्रोतेहो, आतां वडीलमाणसांसाठीं शेवटची गोष्ट. परदेशीं मुलांच्या घरीं आपण पाहुणे असतों. भाषा परकी, रस्ते परके, वाहन चालविणें आपल्या हातीं नाहीं. आपला उपयोग काय, हा प्रश्न मनांत घर करूं लागतो. ह्या प्रवासांत त्यास उत्तर आहे. चालकाचें मन शंभर ठिकाणीं असतें. त्याच्या हातून पायरी सुटण्याचा संभव असतो. ज्याला घाई नाहीं, ज्याचा दूरध्वनि वाजत नाहीं, आणि ज्यानें जन्मभर हजेरी घेतली आहे किंवा घरांतला हिशेब ठेवला आहे, असा एक माणूस तेथें हवा असतो. जोडणीच्या बारा पायऱ्या मोठ्या अक्षरांत एका वहींत लिहाव्यात. आजोबांनीं एकेक पायरी मोठ्यानें वाचावी. मुलानें ती करून "झाली" म्हणावें. आणि मगच वहींत खूण करावी. आजींनीं नातवंडांचा हात धरून दूर उभें राहावें. पाठ आहे म्हणून वाचणें सोडूं नये; ज्याला पाठ असतें, तोच एक ओळ गाळतो.

मुलांनींहि ह्यांत कमीपणा मानूं नये. विमान चालविणारे, हजारों तास उडालेले वैमानिक प्रत्येक उड्डाणापूर्वीं यादी वाचतात. आपण तर आपलें सारें घर आणि घरचीं सारीं माणसें घेऊन निघतों. चार चाकें ट्रकचीं, चार किंवा सहा ट्रेलरचीं, आणि एक तें पांचवें. तीं सर्व नीट फिरण्यासाठीं सकाळचीं पंधरा मिनिटें द्यावीत. तेवढीं दिलीं म्हणजे पर्वत, सरोवरें व देवदारांचीं अरण्यें स्वस्थ चित्तानें पाहतां येतात, आणि संध्याकाळीं आपल्याच चुलीवर केलेला वरणभात सर्व मंडळी एकत्र बसून जेवूं शकतात.